लाईट गेली की फायबरचा फोन का मरतो? उपाशी डबा कसा शोधायचा

तक्रार एकच असते, सांगणारे वेगवेगळे. "पूर्वी चार-चार दिवस लाईट नसायची तरी फोन चालायचा. आता फायबर घेतलं, तर लाईट गेल्याबरोबर फोन गप्प." घरात इन्व्हर्टर आहे, राउटरचा छोटा यूपीएसही लावलाय, तरी तेच. मग आधी केबलवाल्याला शिव्या, नंतर यूपीएस विकणाऱ्याला, आणि शेवटी मला फोन, तोही मोबाईलवरून. टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये नोकरीची बरीच वर्षं गेली, त्यामुळे नात्यागोत्यातल्या सगळ्या मेलेल्या फोनांची जबाबदारी माझ्यावर आहे असं लोक धरून चालतात.

दरवेळी फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून टाकतो.

आधी एक काम करा. पुढच्या वेळी लाईट जाईल तेव्हा काहीही उपटू नका, दाबू नका. भिंतीवरच्या फायबरच्या डब्यापाशी जा (कंपनीवाले त्याला ओएनटी म्हणतात, घरात सगळे मोडेम म्हणतात) आणि त्यावरचे दिवे बघा. मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कारण लाईट आल्यावर "तेव्हा लाल होता की हिरवा" हे कुणाला आठवत नाही.

एकही दिवा नाही, तर डबा उपाशी आहे आणि दोष तुमच्या घरात आहे. पॉवरचा दिवा आहे, पण पॉनचा (PON, तंतूवरून जोडणी झाल्याचा) दिवा लुकलुकतोय किंवा एलओएसचा (LOS, उजेड हरवल्याचा) लाल दिवा लागलाय, तर तुमचा डबा जिवंत आहे आणि समोरून उजेड येत नाहीये. पॉन स्थिर आहे पण इंटरनेटचा दिवा नाही, तर उजेड येतोय, म्हणजे गोंधळ बहुधा केबलवाल्याच्याही पलीकडे कुठेतरी आहे. आणि सगळे दिवे छान आहेत, व्हॉट्सअॅपसुद्धा चालतंय, फक्त फोन मुका आहे, तर बहुतेक वेळा दोष फोनमध्येच असतो. तो कसा ते काकूच्या गोष्टीत येईल.

हे असं का होतं ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं पटणार नाही. जुन्या तांब्याच्या जोडीतून आवाजाबरोबर वीजही यायची. एक्स्चेंजमध्ये दोन-दोन व्होल्टचे २४ शिशाचे सेल ओळीने जोडलेले असायचे, म्हणजे ४८ व्होल्ट. चार्जर चालू असताना ५४ च्या आसपास. बॅटरीचं धन टोक जमिनीला आणि लाईनवर उणे ४८, कारण उलटं केलं तर ओलाव्यात तांबं लवकर खाल्लं जातं. घंटी वाजवायला वेगळे साधारण ७५ व्होल्ट. लाईट गेली की बॅटरी, आणि बॅटरी उतरायच्या आत डिझेलचं इंजिन सुरू. तुमच्या टेबलावरच्या फोनला यातलं काही कळायचंसुद्धा नाही. गावभरच्या फोनांच्या जेवणाची सोय एका खोलीत होती, आणि त्या खोलीत माझ्यासारखा कुणीतरी हायड्रोमीटर (सेलमधल्या आम्लाची घनता मोजायची काचेची नळी; आकडा मोठा तर सेल भरलेला) घेऊन सेलमागून सेल तपासत फिरायचा.

काचेतून वीज वाहत नाही. तुमच्या घरापर्यंत उजेड पोचतो तो उणे २० डीबीएम (उजेडाची ताकद मोजायचं माप) धरला तर वॅटचा एक लाखावा भाग. ओएनटीला लागतात सहा ते दहा वॅट, म्हणजे आलेल्या उजेडाच्या सहा ते दहा लाख पट. अमेरिकेत बेल लॅब्सवाल्यांनी १९७८ साली काचेच्या तंतूतून आलेल्या नुसत्या उजेडावर फोनची घंटी वाजवून दाखवली होती. प्रयोग सुंदर, पण वाय-फायच्या डब्याचं पोट त्यावर भरत नाही. एक्स्चेंजच्या बॅटरी रूमचं काम आता तुमच्या टीव्हीमागच्या प्लगवर आलंय, आणि कनेक्शन देताना हे कुणी सांगत नाही.

आता काकू. काकू दापोली तालुक्यात एकटी राहते, वय ७९. गावात मोबाईलची रेंज अंगणात, तीही आंब्याखाली. त्यामुळे घरातला फोन ही चैनीची गोष्ट नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा तिकडे विजेचे खांबच्या खांब आडवे झाले आणि कित्येक दिवस काळोख होता. तेव्हापासून "फोन लागला नाही" म्हटलं की आम्हा सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. फायबर आल्यावर मी तिच्या ओएनटीला छोटा यूपीएस लावून दिला आणि निर्धास्त झालो. महिन्याभरात तिचा निरोप आला, "तुझा तो डबा काही कामाचा नाही. लाईट गेली की फोन जातोच."

मी काय केलं असेल? नवा यूपीएस घेऊन गेलो. एवढी वर्षं बॅटऱ्यांमध्ये काढून मोजमाप न करता वस्तू बदलली. आमच्या वेळी शिकाऊ पोराने असं केलं असतं तर त्याला बॅटरी रूमची फरशी पुसायला लावली असती. नवा यूपीएस लावला, आणि पुढच्या आठवड्यात तेच.

मग काकूला सांगितलं, भिंतीवरच्या कॅलेंडरवर वेळा लिहून ठेव. काकू पूर्वी शाळेत शिकवायची, नोंदी चोख. एका दिवसाच्या चौकटीत बारीक अक्षरात असं होतं: "२.१० लाईट गेली. फोन लगेच. मोबाईलवर नातीचे फोटो २.५५ पर्यंत आले. ५.३० लाईट. फोन ५.४०." दुसऱ्या दिवशी: "९ ते ९.३० लाईट नाही. फोन नाही. फोटो येत होते."

वाचल्याबरोबर डोक्यात प्रकाश पडला आणि स्वतःची लाजही वाटली. ही एक तक्रार नव्हतीच, तीन होत्या. फोन लगेच जातो पण नेट चालू राहतं, ही एक. नेट पंचेचाळीस मिनिटांनी जातं, ही दुसरी. लाईट आल्यावरही दहा मिनिटं फोन नाही, ही तिसरी. तिघींची कारणं वेगळी, आणि यूपीएसचा त्यांत काही दोष नाही. दोन वेगवेगळे यूपीएस एकाच वेळेला, बरोबर पंचेचाळीस मिनिटांनी कसे मरतील? हे तेव्हाच सुचायला हवं होतं.

पहिली तक्रार दोन मिनिटांत सुटली. ओएनटीला यूपीएस होता, पण काकूच्या फोनला नव्हता. तिच्याकडे कॉर्डलेस फोन, पुतण्याने हौसेने आणलेला. हातातल्या रिसीव्हरला स्वतःची बॅटरी असते, पण तो ज्या बैठकीवर ठेवतात तिला वेगळा अॅडॅप्टर आणि तो भिंतीच्या साध्या प्लगला. लाईट गेली की बैठक मेली, आणि बैठकीशिवाय रिसीव्हर म्हणजे खेळण्यातला फोन. उपाय शंभर नंबरी आहे: ओएनटीच्या मागच्या फोनच्या भोकात साधा वायरचा, बटणांचा फोन लावा. त्याला कुठलाच अॅडॅप्टर लागत नाही. ओएनटी १२ व्होल्टमधून त्याच्यासाठी लाईनचा व्होल्टेज आणि घंटीचा व्होल्टेज स्वतः तयार करतो. आमची अख्खी बॅटरी रूम त्या एवढ्याशा भोकामागे बसलीय, हे मला अजूनही पचत नाही. माळ्यावर जुना गोल डायलचा फोन असेल तर त्यावर घंटी वाजेल, बोलताही येईल, पण बऱ्याच ओएनटींना डायलचे ठोके कळत नाहीत, त्यामुळे नंबर लागेलच असं नाही. कॉर्डलेस हवाच असेल तर त्याची बैठकही यूपीएसवर घ्या, मात्र तिचा व्होल्टेज ओएनटीपेक्षा वेगळा असू शकतो. तिच्या अॅडॅप्टरवर काय छापलंय ते वाचल्याशिवाय पिन खुपसू नका.

दुसऱ्या तक्रारीसाठी लाईट जाण्याची वाट बघत तिथेच मुक्काम केला. लाईट जायला फार वाट बघावी लागली नाही. पंचेचाळिसाव्या मिनिटाच्या आसपास पॉन लुकलुकायला लागला, एलओएस लाल, आणि छोट्या यूपीएसचा दिवा अजून हिरवागार. म्हणजे घरातला डबा जेवलेला, समोरचा उपाशी.

समोरचा म्हणजे ओएलटी, केबलवाल्याकडचा मोठा डबा, जो गावातल्या सगळ्या ओएनटींना तंतूतून उजेड पाठवतो. गावोगावी एक गैरसमज आहे की फायबरला मध्ये कुठे वीज लागतच नाही. अर्धं खरं आहे. खांबावरच्या पेटीत जो स्प्लिटर असतो, एका तंतूचे आठ-सोळा-बत्तीस करणारा, त्याला वीज लागत नाही. तो निव्वळ काच. पण त्याच्या मुळाशी, कधी दहा-पंधरा किलोमीटरवर, ओएलटी असतो आणि तो विजेवरच चालतो. शहरातल्या जुन्या इमारतींत आणखी एक भानगड. फायबर फक्त गच्चीपर्यंत किंवा जिन्याखालच्या मीटरच्या पेटीपर्यंत येतं, तिथे एक स्विच, आणि पुढे घरोघरी साधी लॅन केबल. तो स्विच सोसायटीच्या जिन्याच्या लाईटवर जोडलेला असतो. तुम्ही घरात कितीही यूपीएस लावा, जिन्याची लाईट गेली की संपलं. तुमच्या घरात काचेची बारीक वायर येते की जाड निळी-करडी लॅन केबल, एवढं बघितलं तरी कळतं.

ओएलटी एका वाण्याच्या दुकानाशेजारच्या खोलीत होता. केबलवाला पोरगा चांगला, "काका, बॅटरी नवीनच आहे" म्हणाला. नवीन म्हणजे चार वर्षांची. १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासाची, म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. ओएलटी, एक राउटर, एक स्विच, दोन मीडिया कन्व्हर्टर (तंतूतला उजेड लॅन केबलवर आणणारे डबे) मिळून जेमतेम १०० वॅट. दुकानाचा पंखासुद्धा त्याच इन्व्हर्टरवर होता, तो धरून १७० म्हणा. तरी सहा-सात तास सहज चालायला हवं. चालत होतं पाऊण तास.

झाकणं उघडली. तीन सेलमध्ये पाणी पट्ट्यांच्या खाली. मी हायड्रोमीटर बरोबर नेलाच होता (घरचे हसले होते). पाणी कमी असलेल्या सेलचं मोजमाप फसवं येतं, म्हणून आधी डिस्टिल्ड वॉटर भरून रात्रभर चार्ज केली आणि सकाळी मोजलं. पाच सेल १२२० ते १२३५. सहावा ११००.

इथेच सगळी मेख आहे आणि गावोगावचे ओएलटी बऱ्याचदा याच कारणाने लवकर मरतात, म्हणून जरा थांबतो. पाच सेलमध्ये दम आहे आणि एक मेलेला आहे, तर लोकांना वाटतं एक षष्ठांशच वेळ कमी होईल. तसं होत नाही. सेल एकापुढे एक जोडलेले असतात. भार आला की मेलेला सेल बाकीच्यांच्या कितीतरी आधी आपले दोन व्होल्ट सोडून देतो. बारा-साडेबाराची बॅटरी साडेदहाच्या खाली येते, आणि इन्व्हर्टर समजतो बॅटरी संपली. तो शिट्टी मारून बंद होतो. पाच सेलमधली वीज तशीच पडून राहते. भार नसताना मल्टिमीटर लावला तर मात्र १२ च्या वरच दाखवतो, म्हणून पोरगा "नवीनच आहे" म्हणत होता, त्याचं चुकलं नव्हतं. मोजायचं ते भार चालू असताना, लाईट बंद करून, इन्व्हर्टर बंद पडेपर्यंत दर पाच मिनिटांनी. व्होल्टेज हळूहळू उतरला तर बॅटरी म्हातारी आहे. पायरी उतरल्यासारखा एकदम दोनने खाली आला तर एक सेल गेलाय.

बॅटरी बदलली, पंखा काढला. पुढच्या वेळी लाईट सात तास नव्हती आणि काकूचं नेट तिच्या घरचा यूपीएस दमेपर्यंत चालू होतं.

तुम्हाला केबलवाल्याच्या खोलीत जाऊन झाकणं उघडता येणार नाहीत, मान्य. पण त्याला फोन करताना "नेट बंद आहे" एवढंच सांगू नका. विचारा: स्क्रीनवर माझ्या नावापुढे डाइंग गॅस्प दिसतोय की एलओएस? डाइंग गॅस्प म्हणजे शेवटचा श्वास: ओएनटीची वीज तुटते तेव्हा आतल्या कपॅसिटरमध्ये उरलेल्या क्षणभराच्या विजेवर तो ओएलटीला शेवटचा निरोप पाठवतो, "माझी वीज गेली". आपल्याकडे मरताना तोंडात गंगाजल घालतात, हा उलट स्वतःच सांगून जातो. तो निरोप आलेला असेल तर दोष तुमच्या प्लगमध्ये. निरोप न येता नुसतंच एलओएस असेल तर तंतू कुठेतरी तुटलाय किंवा वाकलाय. आणि स्क्रीनच उघडत नसेल, तर बहुधा ओएलटी उपाशी. एवढं विचारलंत की समोरचा माणूस जरा सरळ बसून बोलतो, असा माझा अनुभव आहे.

तिसरी तक्रार, लाईट आल्यावरची दहा मिनिटं. ओएलटी उठतो, गावातले सगळे ओएनटी एकदम त्याच्याकडे नोंदणीला धावतात, मग इंटरनेट, आणि सगळ्यात शेवटी फोनची नोंदणी. फोनचा दिवा स्थिर होईपर्यंत पाच-दहा मिनिटं लागणं यात बिघाड काही नाही. या वेळात एकच गोष्ट करायची नाही: टाचणीने दाबायचं ते बारीक रीसेटचं भोक. बंद-चालू करणं वेगळं आणि रीसेट वेगळं. रीसेटने केबलवाल्याने भरलेली सगळी मांडणी पुसली जाते, फोन नंबरसकट, आणि मग तो येऊन परत भरेपर्यंत लाईट असूनही फोन नाही. मला येणाऱ्या तक्रारींतल्या निदान एक चतुर्थांश या टाचणीच्या असतात.

छोट्या यूपीएसबद्दल थोडं. खोक्यावर ८८०० एमएएच लिहिलेलं असतं, ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं माप. ८८०० ला ३.७ ने गुणलं की साडेबत्तीस वॅट-तास. १२ व्होल्ट करताना थोडं जातं, हाती राहतात सत्तावीस-अठ्ठावीस. ओएनटी आठ वॅट खात असेल तर तीन-साडेतीन तास. दुकानदार आठ तास म्हणाला तर त्याला ही त्रैराशिक घाला. स्वस्तातल्या काही यूपीएसमध्ये तीन लिथियम सेल सरळ ओळीने जोडून तेच बाहेर काढलेलं असतं: भरलेले असताना १२.६ व्होल्ट आणि उतरत उतरत ९ पर्यंत. काही ओएनटी ९ वर चालतात, काही साडेदहालाच गचके खायला लागतात. "शेवटच्या तासात नेट येतं-जातं" ही तक्रार असेल तर हे बघा.

पिन बघा, हे तर पहिलंच बघा. बाहेरून सारखी दिसणारी पिन आतून २.१ मिलिमीटर किंवा २.५ मिलिमीटर असते. २.१ च्या जागी २.५ ची पिन बसते, दिवाही लागतो, आणि झाडू मारताना धक्का लागला की डबा परत सुरू होत बसतो. लोक याला नेटवर्कचा प्रॉब्लेम म्हणतात. जुना अॅडॅप्टरही तसाच दगा देतो. मोकळा मोजला तर १२ दाखवतो, ओएनटी जोडला की आतला सुकलेला कपॅसिटर दम सोडतो आणि तो दहावर येतो.

सात अँपिअर-तासाची शिशाची बॅटरी वापरणारेही आहेत. चालते, निम्मीच वापरली तरी आठ वॅटला पाच तास. पण ती चार्ज होताना पावणेचौदा व्होल्टपर्यंत चढते, म्हणून सरळ ओएनटीला न जोडता मध्ये १२ व्होल्ट स्थिर ठेवणारा कन्व्हर्टर हवा. भारतनेटच्या (गावोगावी फायबर नेण्याच्या सरकारी योजनेच्या) ग्रामपंचायतींतल्या ओएनटीबरोबर बॅटरी आणि सौरपट्टी ठेवली गेली ती याच विचाराने.

"आमच्याकडे मोठा इन्व्हर्टर आहे, तरी लाईट गेली की नेट दोन-तीन मिनिटं जातं आणि येतं." हे दिवे बघूनही कळत नाही, कारण बघायला जाईपर्यंत डबा परत उठलेला असतो. इन्व्हर्टरच्या मागे एक खटका असतो, यूपीएस आणि नॉर्मल असा, किंवा इको. नॉर्मलवर लाईटवरून बॅटरीवर जाताना इन्व्हर्टर जरा रेंगाळतो. पंख्याला फरक पडत नाही, ओएनटी मात्र तेवढ्यात बंद होऊन पहिल्यापासून सुरू होतो. खटका यूपीएसवर टाकला की रेंगाळणं जातं. पण खेड्यात लगेच टाकू नका. यूपीएसवर असताना व्होल्टेज १८० च्या आसपास घसरला की इन्व्हर्टर लाईट असूनही बॅटरीवर जातो. संध्याकाळी सगळीकडचे पंप चालू, व्होल्टेज १७०, आणि रात्री खरंच लाईट जाते तेव्हा बॅटरी आधीच रिकामी. त्यापेक्षा खटका नॉर्मलवरच ठेवा आणि इन्व्हर्टर व ओएनटीच्या मध्ये छोटा यूपीएस घाला. मधलं रेंगाळणं तो भरून काढतो.

वळवाच्या दिवसांत विजा कडाडायला लागल्या की मात्र सगळ्यांच्याच पिना काढा. काचेतून वीज येत नाही तशी विजेची लाटही येत नाही, पण अॅडॅप्टरच्या प्लगमधून ती बिनदिक्कत येते. खांबावरून घरात येणाऱ्या फायबरच्या वायरीला आधाराची पोलादी तार असेल तर ती घराबाहेरच तोडून बांधलेली आहे ना, तेही बघून घ्या.

काकूकडची एक गोष्ट अजून सुटलेली नाही. आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी, सात ते नऊच्या दरम्यान, लाईट असताना ओएनटी आपोआप परत सुरू होतो. यूपीएस बदलून झाला, पिन २.१ चीच आहे, केबलवाल्याच्या स्क्रीनवर दरवेळी डाइंग गॅस्प दिसतो, म्हणजे वीजच तुटतेय. माझा संशय यूपीएसला खाऊ घालणाऱ्या प्लगच्या सैल पट्टीवर आणि त्या वेळच्या घसरलेल्या व्होल्टेजवर आहे. या वेळी मात्र वस्तू बदललेली नाही. प्लगशेजारी व्होल्टेज दाखवणारा छोटा मीटर लावून आलोय आणि काकू कॅलेंडरवर लिहितेय. काल रात्री ८.२० ला १५८ लिहिलंय, पण डबा चालूच होता.